नवा मेंबर

कुशाबाच्या भुवयांवर कापूस नव्हता.

गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, पाळी करून आलेल्या माणसाच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर बारीक पांढरी लव बसलेली असते. घाईघाईने तोंड धुतलं तरी ती पुरती जात नाही. लालबागेत अकरा वर्षं खाणावळ चालवणाऱ्या सुभद्राबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. आणि जेवायला लागलेला हा नवा मेंबर म्हणाला होता, साचेखात्यात लागलोय. एकदा पाहून कुणाबद्दल मत करू नये, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीही पाहिलं. भुवया स्वच्छ होत्या.

तो आला बुधवारी. सोमवारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या चालल्या होत्या, आणि त्या मोर्चात सुभद्राबाईंचा माधव होता. एकोणीस वर्षांचा, एकुलता एक. तो परत आला नव्हता.

शेजारचा जगदीश मंगळवारी भिंतीला धरून आत आला आणि हळूच म्हणाला, "काकी, पोलीस घरोघरी नावं विचारतायत. पोरं पांगलीत. माधव माझगावच्या अंगाला पळाला, मी बघितला. लपला असेल कुठं गोदीत. कुणी विचारलं तर सांगा, मला मुलगाच नाही."

सुभद्राबाईंनी माधवचे कपडे तांदळाच्या पिंपात दडवले. जुन्या मेंबरांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी त्याचं नाव घेणंच सोडलं.

चूल मात्र थांबवता येत नव्हती. एक दिवस बंद राहून गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते. पहाटे साडेतीनला पहिल्या पाळीच्या भाकऱ्या, मग रात्रपाळीवाल्यांची कुळथाची पिठी नि भात, मग दुसरी पाळी. माणसं दहा मिनिटांत चार घास कोंबून उठत.

कुशाबा कुठल्याच पाळीत बसत नव्हता. कधी सकाळी दहाला यायचा, कधी दुपारी चारला. जेवणाआधी खिशातली साबणाची वडी काढून कोपरापर्यंत हात धुवायचा, दोनदा. तरी त्याच्या अंगाला फिनेलचा वास असायचा. नळावरच्या भांडणापायी सुभद्राबाईंना एकदा चौकीत जावं लागलं होतं. तिथल्या फरशीला अगदी हाच वास होता.

"मावशी, तुमचे मेंबर सगळे येतात ना जेवायला?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"येतात."

"कुणी कमी नाही झालं?"

"कोण कमी होणार? पोट कुणाला चुकलंय?"

रात्रपाळीचा लवू ताटावरून बोलला, "पाव्हणा हजेरी घेतोय. जॉबर-मुकादम व्हायचं दिसतंय."

कुशाबा हसला नाही.

गुरुवारी त्यानं विचारलं, "मावशी, तुम्हाला मूलबाळ?"

पळी पिठीत बुडाली. ती बोटांनी काढताना चटका बसला, तो त्यांना उशिरा कळला.

"नाही. देवानं दिलं नाही."

असं म्हणताना आपल्याच तोंडून आपण काहीतरी अभद्र बोलतोय असं त्यांना वाटलं. कुशाबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. जेवताना इतका वेळ कुणी कुणाकडे बघत नाही.

शुक्रवारी त्यानं आणखी विचारलं. "उंच, मिसरूड फुटलेला, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. असा पोरगा इकडं येतो का?"

"असले छप्पन येतात. मी काय तोंडं मोजत बसते?"

तो गेल्यावर त्या जमिनीवरच बसल्या. तो डाग माधवचाच होता.

"सीआयडी आहे तो," लवू म्हणाला. "मावशी, जेवण बंद करा त्याचं."

"बंद केलं तर संशय येईल."

"मग भाकरीत खडे घाला. आपणहून जाईल."

"तुला रोज घालते, तू गेलास का?"

लवू हसला. त्यांना हसता आलं नाही. रात्रभर त्या मनाशी घोकत राहिल्या: उद्या सांगायचं, इथं येऊ नका. जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसत. माधव असावा असं वाटे, आणि तो आत्ता यायला नको असंही वाटे.

शनिवारी कुशाबा दहाला आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं हात धुतले नाहीत आणि तो पाटावरही बसला नाही. दार मात्र ओढून घेतलं.

आता बेड्या, सुभद्राबाईंना वाटलं. तरी त्यांनी सवयीनं ताट घेतलं. "इथं यायचं नाही उद्यापासून," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं कुणी नाही. शोधायचं तिथं शोधा जा."

"सगळीकडं शोधून झालं, मावशी. लालबाग-परळच्या नऊ खाणावळी फिरलो. कोण कमी झालं ते जिथं माणसं जेवतात तिथंच कळतं." त्यानं मान खाली घातली. "मी गिरणीत नाही. इस्पितळात आहे, मढी ठेवतात त्या खोलीवर. सांगितलं असतं तर माझ्या पंगतीला कुणी बसलं नसतं. आणि तिथलं बाहेर बोललो तर नोकरी जाते. म्हणून सोमवारपासून गप्प होतो."

सुभद्राबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"तुम्ही नाही म्हणालात, पण त्या डागवाल्या पोराचे नाकडोळे तुमचेच आहेत. आज दुपारी बेवारस म्हणून नेणार आहेत त्याला. नोकरी गेली तर जाऊ दे, मावशी. मी आत्ता वर साहेबांकडं जाऊन सांगणार आहे, या पोराला आई आहे."