ताई हरायला लागली

ताईचं सगळ्यात मोठं जहाज टीव्हीच्या पडद्यावर फुटलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी धाकटीला संशय आला.

"गेलं वाटतं," ताई म्हणाली. "छान मारलंस हं."

छान मारलंस? ताईच्या तोंडून? लहानपणापासून दोघी बहिणी एकमेकींशी काही ना काही खेळत आल्या होत्या, आणि ताईने धाकटीला आजवर एकही डाव सोडला नव्हता. धाकटी तापाने फणफणलेली असतानाही नाही. अंतराळातल्या लढाईचा हा गेम घरात आला, तरी तेच. एकाच पडद्यावर दोघींचे दोन ताफे. एकीने आपली जहाजं हलवायची, तोफा कुठे रोखायच्या ते ठरवायचं, मग दुसरीची पाळी. घाई नाही, लपवाछपवी नाही, सगळं डोळ्यांसमोर. ताई शहर बस चालवायची. गर्दीतून बस काढावी तसं ती शत्रूच्या ताफ्यातून जहाज अलगद बाहेर काढायची. अशी बाई गेले काही रविवार सपाटून मार खात होती.

धाकटी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. संशय घेणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. माणूस उगाच गोड वागायला लागला की त्याला काहीतरी हवं असतं, हे तिने रोज बघितलं होतं. ताईला काय हवंय, याचं उत्तर आतल्या खोलीत खोकत होतं.

पाय मोडल्यापासून बाबा ताईकडेच होते. आता त्यांना तुझ्याकडे ने, असं ताई एकदाही म्हणाली नव्हती. म्हणजे म्हणणार होती. आधी लोणी लावायचं, चार डाव जिंकू द्यायचे, मग हळूच विषय काढायचा. धाकटीने नकाराची कारणं तयारच ठेवली होती: घराचा जिना, ऑफिस, लेकीची परीक्षा.

आणखीही काही खटकत होतं. मघाशी दारात ती अगदी खेटून उभी राहिली, तरी ताईने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोफ्याच्या हातावर ठेवलेला चहाचा कप कोपराने उडवला आणि वर "इथे कुणी ठेवला?" म्हणून तिलाच झापलं. नजरेला नजर म्हणून देत नाही, धाकटीला वाटलं. पोटात एक आणि ओठात एक.

नवा डाव सुरू झाला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने ठरवलं. उजवीकडे तिने चिल्लर जहाजं सोडली, नुसता गोंधळ घालायला. आणि आपलं सगळ्यात अवजड लढाऊ जहाज डाव्या कडेने वर सरकवायला घेतलं. लालभडक, धिप्पाड, दिवे लुकलुकणारं. शेंबड्या पोरालाही दिसावं असं. ताईने उजवीकडच्या तोफा नीट लावल्या. धाकटीने जहाज आणखी पुढे घेतलं. ताईने पुन्हा उजवीकडेच ढाल चढवली. लाल जहाज ताईच्या तळाला जवळजवळ नाक लावून उभं राहिलं, आणि ताई आपली उजवीकडच्या चिल्लरीचा फडशा पाडण्यात दंग!

"पुरे झालं नाटक." धाकटीने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. "मुद्दाम हरतेयस ना? बाबांना माझ्याकडे पाठवायचंय, तर सरळ तोंडाने सांग."

"बाबांचं काय मध्येच? आणि मुद्दाम कशाला हरेन? जीव तोडून खेळतेय मी!"

"मग हे जहाज का सोडलंस?"

"कुठलं जहाज?"

धाकटी उलटून बोलणार होती, पण थांबली. ताई पडद्याकडे टक लावून बघत होती. कपाळाला आठ्या. ती खरोखरच शोधत होती.

धाकटी उठली, टीव्हीपाशी गेली आणि लाल जहाजावर बोट ठेवून उभी राहिली.

"अगं, गेलीस कुठे?" ताईने विचारलं. मग तिने मान पार डावीकडे वळवली आणि दचकली. "बाई गं! हे केव्हा आलं?"

 धाकटी परत येऊन ताईच्या समोर बसली.

"माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही. बोट दिसलं की सांग."

तिने ताईच्या डाव्या कानाजवळून बोट हळूहळू पुढे आणलं. बोट गालापाशी आलं, डाव्या डोळ्यासमोरून गेलं. ताई गप्पच. अगदी नाकाच्या रेषेत आलं, तेव्हा ती म्हणाली, "हं, आत्ता." उजवीकडून आणलं, तर कानापासून निघायच्या आतच तिला दिसलं.

"पुन्हा कर," ताई म्हणाली. आवाज उतरला होता.

धाकटीने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

उद्या सकाळी बसवर ताईची पहिली पाळी होती. माणसांनी भरलेली बस, आणि डावीकडून रस्ता ओलांडणारी आणखी माणसं. धाकटीने तो विचार तोंडाने बोलून दाखवला नाही. ताईच्या चेहऱ्यावर तो आलाच होता.

"उद्या बस काढायची नाही," धाकटी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात चल. आणि बाबांना मी नेते माझ्याकडे." शेवटचं वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

ताईने मान हलवली. पदराने डोळे पुसले, आधी उजवा, मग डावा, आणि डाव्यावर हात तसाच ठेवून बसली.

"आणि मी वेडी," ती म्हणाली, "डेपोत ज्याला त्याला सांगत सुटले होते, आमची धाकटी आता एवढी तयार झालीय, की मलासुद्धा हरवते म्हणून."