रानात नाव घेत नाहीत

रविवार होता. नदीकाठी तीन दगडांवर कोंबडी-भाताच्या पेलावचं पातेलं रटरटत होतं आणि मर्लीन पाण्यात पाय सोडून निवांत आंबा चोखत होती. मान वळवून बघते तो लेक गायब! ती ताडकन उठली, पण हाक मारायची सोय नव्हती. त्रिनिदादच्या रानात पोराचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. नाव ठेवण्याआधीच गेलेली पोरं, दुएन, तिथे भटकतात. कानावर पडलेलं नाव उचलतात आणि त्याच नावानं पोराला आत बोलावून नेतात. मर्लीननं टाळ्या वाजवल्या, शीळ घातली, झाकणावर डाव आपटला. शेवटी धीर सुटला.

"केझियाऽऽ!"

ओच्यात पेरू घेऊन केझिया झुडपातून आली. "मम्मी, नाव काय घेतेस? वेडी आहेस का?"

मर्लीननं तिला छातीशी ओढलं. तेवढ्यात पातेल्यापाशी ओल्या वाळूत पावलं दिसली. अनवाणी, ताजी, केझियाच्या पावलांच्या निम्मी. सगळ्यांची बोटं रानाकडे.

"आलं होतं," ती कुजबुजली, "पण गेलं बाई एकदाचं. बघ, रानाकडे गेलंय."

केझिया तिला आणखीच बिलगली.

"मम्मी, पण दुएनची पावलं उलटी असतात ना गं?"