देवाविरुद्ध दावा

आमशाने त्या सकाळीही हात जोडले नाहीत. हेडमास्तर गिरधर मास्तरांनी त्याला रांगेतून बाहेर काढले.

"बाकीना पोरे हात जोडतस ना? मंग तुलेच काय व्हस?"

समोर, अक्कलकुव्याच्या त्या सरकारी शाळेच्या ओसरीत, दिवाळीनंतर बसवलेला देव होता. मास्तर त्याला रोज दुधाने आंघोळ घालत, शेंदूर लावत, उदबत्ती ओवाळत. पोरांना शाळा आपली वाटावी, हा त्यांचा शुद्ध हेतू. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण चांगलेच करतोय याची त्यांना भारी खात्री, आणि अशा माणसापुढे कोणाचे काही चालत नाही.

हा देव शाळेतून हलवा, असे आमशाने सांगून पाहिले. मास्तरांनी हसून पाठीवर थाप दिली. पुन्हा सांगितले तेव्हा मात्र त्यांचे डोके फिरले: माफी माग, नाहीतर मॅट्रिकला बसू देणार नाही. मोलगीच्या वरच्या त्याच्या पाड्यातले आजवर कोणी मॅट्रिकपर्यंत पोचलेच नव्हते. डोंगरात शाळा उशिरा आली, म्हणून मिसरूड फुटून गेल्यावर तो अकरावीत, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकच्या वर्गात, होता.

वडील भेटायला आले. त्यांनी फाटकाबाहेरूनच देवाकडे पाहिले, आत पाऊल टाकले नाही. जेवलेही नाहीत. निघताना एवढेच म्हणाले, की शिक्षण गेले तरी चालेल, पण याला इथून काढ.

वसतिगृहातल्या गोवालचा उपाय सोपा होता: चौघांनी मिळून देव उचलायचा आणि पसार व्हायचे.

"चोरून नाही," आमशा म्हणाला. "ज्यांनी बसवला, त्यांच्याच हातांनी उठवायचा."

सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवता येत नाही, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होते. मास्तरांनीच तो धडा पाठ करून घेतला होता. तेवढ्या आधारावर आमशा नंदुरबारला धुडकू वकिलांकडे गेला. वकिलांनी सगळी हकिगत ऐकली, पानाला चुना लावला आणि म्हणाले, दावा लावू, पण विचारल्याशिवाय जास्त बोलायचे नाही.

दावा दाखल झाला आणि बाजारात बोभाटा झाला. पोरगा देवाच्या मुळावर उठलाय, लोक म्हणू लागले. खाणावळीच्या मंगलाबाईने त्याला ताट वाढणे बंद केले. आमशाला राग आला, एकदा रडूही आले, पण दावा मागे घ्यायचे त्याच्या मनातही आले नाही.

तारखेला मास्तर कपाळाला गंध लावून हजर झाले. त्यांचे वकील ठासून बोलले: या मुलाला या देवाचा द्वेष आहे, सगळ्याचे मूळ तेच. मास्तरांनी मान डोलावली.

न्यायाधीशांनी आमशाकडे पाहिले. "तुझी या देवावर श्रद्धा नाही, हे खरं?"

"खोटं, साहेब," आमशा म्हणाला. "तो आमचाच वाघदेव. पाड्याची शीव राखायला माझ्या आज्यानं त्याला उघड्यावर रोवला होता. मास्तरांनी तिथून उपटून आणला."