कापायचा ढीग

हौसाने पांढरी साडी उचलली आणि कापायच्या ढिगात टाकली. समोर बसलेल्या सिप्पोराबाईंच्या हातातलं झबलं तसंच राहिलं.

“अगं, ती नेसायच्या ढिगात ठेवली होती मी.”

“पांढरं नाय पाठवायचं, बाई.”

महाडकडे पाणी शिरून आठवडा झाला होता आणि पनवेलच्या या शाळेच्या हॉलमध्ये कपड्यांचे डोंगर लागले होते. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. इथे बायकांना दात मोजायलाच बसवलं होतं. संस्थेच्या रुचिराने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवलं होतं : फाटकं नको, डागाचं नको. लोक तरी काय काय देतात! सकाळपासून एक शेरवानी निघाली होती, दोन कोट आणि एक पोहायचा पोशाख. पुरातल्या माणसाला पोहायचा पोशाख! हौसा पोट धरून हसली होती. जे नेसता येणार नाही पण सुती आहे, ते कापून तान्ह्या बाळांसाठी दुपटी करायची. ते काम हौसाचं. सकाळी बाजारात मासळी विकायची, दुपारी इथे कात्री चालवायची.

पण ही साडी कुणाच्या अडगळीतली नव्हती. गुरुवारी सिप्पोराबाई लेकीकडे इस्रायलला निघाल्या होत्या, कायमच्या. “आई, साड्या नको आणूस, इथे कोण नेसतं?” असं अविटलने फोनवर सांगितलं होतं. बॅगेचं वजनही ठरलेलं. मग निदान इथल्याच कुणीतरी ती नेसावी, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. चार दिवस साडी उशाशी ठेवून झोपल्या आणि आज इस्त्री करून, पदर आत जाईल अशी घडी घालून घेऊन आल्या.

“हौसा, माझ्या लग्नातली आहे गं ती.”

हौसाची कात्री थांबली. “तुमच्यात नवरीला पांढरं?”

“पांढरंच. आणि हे बघ.” त्यांनी घडी मोडली. पदरावर फिकट तांबूस डाग होता. “काळ्या मनुकांचं सरबत. लग्नात नवरा-नवरी एकाच पेल्यातून पितात आमच्यात. एलियासचा हात असा थरथरत होता, अर्धं सरबत माझ्या पदरावर! जन्मभर चिडवलं मी त्याला.” त्या हसल्या. काय गर्दी होती त्या दिवशी! सिनेगॉगमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आता प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर फोनाफोनी करावी लागते.

हौसा त्या डागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सव्वीस जुलैच्या पुरात आमचं घर गेलं. मालक होडी घेऊन खाडीत गेलेला, त्याचा पत्ता नाय. चौथ्या दिशी वाटपाचं पुडकं आलं. उघडलं, तर पांढरी साडी. मी अशी बोंबलले, बाई! सारा गाव समजला, याचा मुडदा गावला.”

“मग?”

“पाचव्या दिशी आला की. उलव्याकडं कोनाच्या घरात तापानं पडलेला. पन तो एक दिस मी इसरले नाय.” तिने साडीवरून हात फिरवला. “मंग ती धुतली नि फाडली. पोटुशी व्हते. आमचा प्रणित त्या दुपट्यांतच वाढला. लय मऊ व्हती.”

त्या वर्षी सिनेगॉगमधल्या बायकांनीही साड्या जमवल्या होत्या. द्यायचं तर कपाटातलं चांगल्यातलं चांगलं द्यायचं, म्हणून कितीजणींनी पांढऱ्या काढल्या होत्या. पुडकी सिप्पोराबाईंनीच बांधली होती. त्यांना एकदम खाली बघावंसं वाटलं.

“आण ती कात्री,” त्या म्हणाल्या.

“तुमी नका, बाई. मी करते.”

“आण म्हणते ना. आधी काठ काढू. जर टोचेल बाळाला.”

पन्नास वर्षांची वायल, कात्री लावताच सरसर फाटत गेली. हौसा कडा सरळ करून घड्या घालत होती. आठ दुपटी निघाली. पदराचा डाग असलेला तुकडा तेवढा उरला. सिप्पोराबाईंनी त्याचीही घडी केली आणि आठांच्या वर ठेवली.

हौसाने तो तुकडा उचलला, त्यांच्या पर्समध्ये घातला आणि चेन लावून टाकली.

“डागाचं पाठवायचं नाय,” ती म्हणाली. “फल्यावर लिवलंय.”