लाह्यांचं छत

पहिला पोपडा थपकन खाली पडला आणि मार्लीननं डोळे गच्च मिटून घेतले.

"घाबरू नका हो, मार्लीनबाई!" शिडीवरून ड्वाइट म्हणाला. छतं खरवडून नवी करून देणं हाच त्याचा धंदा. "तपासणीत अ‍ॅस्बेस्टॉस निघालेलं नाही. वर पाणी मारून भिजवलंय. धूळसुद्धा उडायची नाही."

धुळीला कोण भीत होतं! त्रेसष्ट वर्षांची बाई ती. तिला धास्ती होती ती वर काय दिसेल याची. हे छत तिच्या बाबांनी केलेलं होतं. ड्वाइटला तिनं ते सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती.

अमेरिकेतल्या पार्मा गावातल्या या मेपलक्रेस्ट रस्त्यावर सहासष्ट साली एकसारखी चाळीस घरं उठली. प्रत्येकाच्या छतावर यंत्रानं उडवलेले पांढरे दाणे, लाह्या चिकटवल्यासारखे. तेव्हा लोकांना त्याचं कोण कौतुक! पुढे त्या दाण्यांत कोळिष्टकं अडकायला लागली, सिगरेटच्या धुरानं ते पिवळे पडले, कुठे ठिगळ लावलं तर ते लपेना. त्यात काहींच्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते छातीत बसलं की माणूस हातचा जातो, हे कळल्यावर तर लोकांनी धसकाच घेतला. एकेक करत सगळ्यांनी छतं खरवडून टाकली. राहिली एकटी मार्लीन. ड्वाइट दरवर्षी दार वाजवून विचारायचा आणि ती दरवर्षी त्याला वाटेला लावायची. या महिन्यात वरचा नळ गळला, सोफ्यावर हातभर तुकडा कोसळला, तेव्हा कुठे तिचा नाइलाज झाला.

"या रस्त्यावरची छतं मी उघडलीयेत ना," खरवडायची पाती फिरवता फिरवता ड्वाइट हसला. "दाण्यांखाली तक्त्यांचा एकेक सांधा असा, की नांगरलेलं शेत परवडलं! अहो, घाण झाकायलाच तर दाणे मारायचे ते."

मार्लीननं डोळे उघडलेच नाहीत.

सहासष्ट साली ती दहा वर्षांची होती. हातात पिरोहींची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, ताटली घेऊन स्वयंपाकघरात उभी होती, आणि दारात मुकादम बाबांवर ओरडत होता, "एमील, तुझ्यासारख्याला ठेवला तर माझं दिवाळं निघेल! उद्यापासून येऊ नकोस!" मुकादम गेल्यावर आई म्हणाली, "तुझे बाबा कामात कमी पडले. पुन्हा हा विषय नको." शाळेत पोरं चिडवायची, "हिच्या बापाला साधी पुट्टी मारता येत नाही म्हणे!" पिढीजात गिलाव्याचं काम करणारा माणूस, पण पुन्हा कुणी थापी हातात दिली नाही. पुढची वीस वर्षं बाबा तिच्याच शाळेत झाडू मारत होते, आणि मार्लीन मान खाली घालून त्यांच्यासमोरून निघून जायची.

तिनं हे घर घेतलं तेव्हा बाबा थकले होते. दारातून आत आले, वर पाहिलं आणि एकदम हसले. "अगं, हे छत माझं आहे!" मार्लीननं पटकन कॉफीचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी तिनं छतावर उजेड पडू नये म्हणून सगळ्या दिव्यांची तोंडं खाली वळवून टाकली. पुढे बाबा गेले. विषय तिथेच राहिला.

शिडीवर ड्वाइटची पाती फिरत होती. दाण्यांचा शेवटचा पट्टा खाली आला. त्यानं छत पुसून घेतलं आणि पंखा लावून सुकू दिलं. मग हातदिवा पेटवून छताला आडवा टेकवला. असा प्रकाश सोडला की केसाएवढा उंचवटाही लपत नाही, सावली पडतेच. मार्लीन खालमानेनं उभी होती. आता हा हसणार, असं तिला वाटलं.

तो हसला नाही. त्यानं टोपी काढली.

"बाई, बघा तरी!"

तिनं वर पाहिलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उजेड सरळ पसरला होता. कुठे सावली नाही, रेघ नाही, काही नाही. तापवून ठेवलेल्या दुधासारखं शांत छत.

"सांधा कुठे आहे ते मला हातानंसुद्धा सापडत नाहीये!" ड्वाइट तळवा फिरवत म्हणाला. "या रांगेतली पहिली तीन घरं अशीच निघाली. पाचव्यापासून सगळा उकिरडा. मधलं हे चौथं, तुमचं. नऊ वर्षं वाट बघतोय मी, हे त्याच माणसाचं आहे का ते बघायला. अहो, तेव्हा दोन दिवसांत एक छत उरकायचे. या बाबानं एकेकाला दहा-दहा दिवस दिले असणार! आणि पक्कं ठाऊक होतं त्याला, की अकराव्या दिवशी यंत्र येणार आणि सगळं झाकून टाकणार. हे कुणीही बघणार नव्हतं, बाई. कुणी म्हणजे कुणीही!"

दारातला मुकादम मार्लीनच्या कानात पुन्हा ओरडला, "माझं दिवाळं निघेल!" या वेळी तिला तो नीट ऐकू आला.

"कोण होता हो हा?" ड्वाइटनं विचारलं. "आणि पाचव्या घराच्या वेळी गेला कुठे?"

"एमील ह्रुश्का. माझे बाबा," ती म्हणाली. "त्यांना कामावरून काढून टाकलं." हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून म्हटलं.