लेकीची पायरी

स्टँडवर एसटी लागली तसं मी नेहमीसारखं लुगडं वर खोचलं, दांडा धरला आणि गुडघा पार छातीपर्यंत उचलला. पण पायरी बरीच खाली होती. पाय दाणकन आपटला आणि मी धडपडले.

"मावशी, नवी गाडी आहे," कंडक्टर हसला. "आता एवढा पाय उचलायचा नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लेक इंजिनिअर झाली तेव्हा टेप घेऊन याच स्टँडवर बसायची, म्हाताऱ्या बायकांचा पाय कुठवर उचलतो ते मोजत. जाऊबाई म्हणायच्या, "यासाठी शिकवली होय पोरगी?" मी म्हणायचे, "गाड्या बांधणाऱ्यांनी कधी लुगडं नेसलंय का?" मागच्या महिन्यात लेक फोनवर म्हणाली होती, "आई, नव्या गाड्यांना मी काढलेलं माप घेतलंय."

चढलेली मी परत खाली उतरले. मागची रांग कुरकुरली.

"यायचं नाही का, मावशी?"

"यायचंय की! ही पायरी माझ्या लेकीनं खाली आणलीय. मघाशी धडपडले, आता मानानं चढू दे."