शेवटचं बरं वाटणं

आदल्या दिवशी अण्णांनी लेकीच्या, शर्वाणीच्या, मिक्सरचं भांडं दुरुस्त करून दिलं होतं आणि "तुझ्या चटणीपेक्षा याचा आवाजच तिखट होता गं," म्हणून तिला चिडवलंही होतं. दुसऱ्या सकाळी फिरायला गेलेले अण्णा एका गाडीखाली आले.

गाडीवाला, राजस खोत, कोर्टात म्हणाला, "उतरून पाहिलं मी. जागच्या जागी गेले होते, म्हणून निघून आलो." न्यायवैद्यक प्रयोगशाळेने अण्णांच्या मेंदूतून त्यांच्या शेवटच्या संवेदना उतरवून घेतल्या आणि ते खोटं उघडं पडलं. शिक्षा नेहमीचीच ठरली: त्या संवेदना गुन्हेगाराने एकदा स्वतः भोगायच्या. खटलाभर शर्वाणी एवढंच म्हणत राहिली होती, "कायदा बघेल."

आज काचेपलीकडच्या खुर्चीत खोत आधी कळवळला, मग अचानक शांत झाला आणि डोक्यावरची तारांची टोपी काढल्यावर हुंदके देऊ लागला.

"ताई, माझी पावलं ऐकू आली त्यांना. बरं वाटलं हो त्यांना! वाटलं, मी उचलायला आलोय."

डॉक्टर राणे यंत्र बंद करू लागल्या. "झालं, शर्वाणीताई. तुम्हाला काही म्हणायचंय? नातेवाइकांची विनंती कोर्टापुढे ठेवता येते."

शर्वाणी उठून काचेशी गेली.

"त्यातलं दुखणं काढून टाका," ती म्हणाली. "ते बरं वाटणं तेवढं ठेवा. आणि ते याला रोज सकाळी द्या. जन्मभर."